मॅग्नम रिव्हॉल्व्हरची निवड : एका वस्तुविषयक वाङ्मयाची समीक्षा

प्रास्ताविक

एखादी वस्तू कशी निवडावी हे सांगणारे गद्य समीक्षेचा विषय होऊ शकते काय, असा प्रश्न सुरुवातीलाच उपस्थित होणे स्वाभाविक आहे. बियाण्यांची माहितीपत्रके, मोटारींची परीक्षणे, कॅमेऱ्यांविषयीचे लेख यांना आपण सहसा वाङ्मय म्हणत नाही. तथापि या गद्यातही एक निवेदक असतो, त्याचा अधिकार कोठून येतो हा प्रश्न असतो आणि वाचकाच्या मनात त्या वस्तूविषयीची ओढ निर्माण करण्याची एक रीत असते. ज्या वस्तूविषयी लिहिले जात आहे ती माणूस मारण्यास समर्थ असेल, तर अशा गद्याची चिकित्सा टाळणे मला तरी योग्य वाटत नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मोठ्या फ्रेमच्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरविषयीचे लेखन आणि त्याला लोकप्रियता मिळवून देणारे चित्रपट यांचा विचार केला आहे. विवेचनाच्या केंद्रस्थानी स्मिथ अँड वेसन या कंपनीची दोन शस्त्रे आहेत. पहिले १९३५ सालचे .३५७ मॅग्नम आणि दुसरे १९५५-५६ सालचे .४४ मॅग्नम. माझे प्रतिपादन असे की, या शस्त्राच्या निवडीत निर्णायक ठरणारी गोष्ट म्हणजे ते धरणारा हात होय. या विषयावरील आरंभीच्या लेखनात तो हात ठळकपणे दिसतो. चित्रपटाने तो दृष्टीआड केला आणि पुढे संग्राहकांच्या लेखनात त्याची जागा डोळ्याने घेतली.

एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. प्रस्तुत लेखकाने हे शस्त्र कधी चालवलेले नाही. महाविद्यालयीन जीवनात एन.सी.सी.च्या शिबिरात .२२ रायफलच्या काही गोळ्या झाडल्या, इतकाच काय तो अनुभव. आपल्यापैकी अनेकांचा अनुभव तेवढाच असेल आणि त्या रायफलचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. मॅग्नमविषयीचे गद्य वाचताना या अनुभवाचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून पुढे थोडे गणित करावे लागेल.

'मॅग्नम' ही संज्ञा

लॅटिनमधील 'मोठा' या अर्थाचा हा शब्द शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीसाठी रूढ होता. इंग्लंडमधील बंदूककारांनी तो रायफलच्या जादा दारूच्या काडतुसांसाठी घेतला. हॉलंड अँड हॉलंडचे.३७५ मॅग्नम हे १९१२ सालचे काडतूस त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९३५ साली डग्लस वेसन यांनी हा शब्द रिव्हॉल्व्हरकडे आणला. त्यांच्यासोबत या कामात फिलिप शार्प आणि एल्मर किथ हे दोन लेखक होते. शस्त्राच्या जडणघडणीत लेखकांचा इतका थेट सहभाग असल्याने वस्तू आणि तिच्याविषयीचे वाङ्मय येथे वेगळे काढणे कठीण जाते.

आकड्यांची गंमतही येथे नोंदवावीशी वाटते. .३८ स्पेशल या जुन्या काडतुसातील गोळीचा व्यास प्रत्यक्षात .३५७ इंच असतो. म्हणजे नव्या नावाने जुना असत्य आकडा दुरुस्त केला. उलट .४४ मॅग्नमची गोळी .४२९ इंचांची असते, तरी नावात चव्वेचाळीसच राहिले. महत्त्वाचा फरक गोळीच्या जाडीत नसून काडतुसाच्या पितळी कवचाच्या लांबीत आहे. .३५७ मॅग्नमचे कवच .३८ स्पेशलहून आणि .४४ मॅग्नमचे कवच .४४ स्पेशलहून सुमारे एक अष्टमांश इंच लांब केले गेले. हेतू असा की, जबर दारूचे नवे काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. याचा उलट परिणाम मात्र असा झाला की, जुने सौम्य काडतूस नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुखाने बसते. मॅग्नम विकत घेणारा माणूस वस्तुतः दोन रिव्हॉल्व्हर विकत घेतो, एक दांडगे आणि एक सौम्य. निवडीच्या दृष्टीने ही या शस्त्राची सर्वांत उपयुक्त बाब होय. परंतु तिच्याविषयी लिहिताना लेखक घाई करतात आणि चित्रपट, एका अपवादाने, मौन पाळतात.

मोठी फ्रेम म्हणजे काय, तेही सांगणे आवश्यक आहे. रिव्हॉल्व्हरची नळी, सिलिंडर आणि चाप ज्या पोलादी सांगाड्यात बसवलेले असतात, ती फ्रेम. स्मिथ अँड वेसन आपल्या फ्रेमचे आकार अक्षरांनी दर्शवते. १९०८ साली .४४ स्पेशलसाठी तयार झालेला मोठा आकार पुढे 'एन' या नावाने ओळखला गेला. १९३५ चे आणि १९५५ चे ही दोन्ही मॅग्नम याच आकाराची. म्हणजे लहान बोअरचे .३५७ आणि मोठ्या बोअरचे .४४ यांत निवड करताना ग्राहकाला हातात येणारा ऐवज जवळपास सारख्याच आकाराचा व वजनाचा असतो. .३५७ च्या बाबतीत ही फ्रेम गरजेपेक्षा मोठी आहे, .४४ च्या बाबतीत जेमतेम पुरेशी. पुढील सारा वाद या एका वाक्यात सामावलेला आहे.

किथ यांचे गद्य

एल्मर किथ (१८९९-१९८४) हे आयडाहो राज्यातील सॅमन या गावचे. पशुपालक, शिकाऱ्यांचे वाटाडे आणि लेखक. १९२० च्या दशकात जबर दारू भरलेले एक .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातातच फुटले. त्यानंतर ते .४४ स्पेशलकडे वळले. कारण साधे होते. .४४ चे छिद्र किंचित लहान असल्याने सिलिंडरच्या भिंती तेवढ्याच जाड राहतात. या काडतुसात स्वतः आरेखित केलेली २५० ग्रेनची गोळी सुमारे १२०० फूट प्रतिसेकंद वेगाने झाडण्याइतकी दारू ते भरत असत आणि कारखान्याने असेच काडतूस काढावे म्हणून सुमारे तीन दशके लिहीत राहिले. 'सिक्सगन्स' हे त्यांचे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस .४४ मॅग्नमचे पहिले नग तयार झाले आणि १९५६ च्या आरंभी ते बाजारात आले. म्हणजे पुस्तकाने ज्याची मागणी केली ती वस्तू पुस्तकापाठोपाठ आली. वाङ्मयाच्या इतिहासात असे भाग्य फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आले असेल.

किथ यांच्या आत्मकथनाचे नाव 'हेल, आय वॉज देअर!' असे आहे (१९७९). 'मी स्वतः तिथे होतो' हाच त्यांच्या साऱ्या लेखनाचा युक्तिवाद. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचे तर त्यांना प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मान्य आहे; अनुमानाविषयी, विशेषतः कारखान्यातील अभियंत्यांच्या अनुमानाविषयी, त्यांना फारसा आदर नाही. त्यांची शैली बोलल्यासारखी असते. घोडा, दोर, बर्फ, जखमी जनावर, चुकलेली गोळी हे सारे तिच्यात येते, आणि ही चुकलेली गोळी महत्त्वाची. आपण चुकलो हे सांगणारा निवेदक विश्वासार्ह वाटू लागतो.

या विश्वासार्हतेची परीक्षा घेणारा प्रसंग म्हणजे सहाशे गजांवरील हरणाचा. दुसऱ्याच्या गोळीने जखमी झालेले हरीण निसटत असताना आपण .४४ मॅग्नमने सुमारे सहाशे गजांवरून, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतरावरून, त्याचा वेध घेतला, असे किथ यांनी लिहिले. या दाव्यावरून त्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. माझ्या मते वादाचा रोख चुकला. वेध शक्य होता की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. कथनात पहिल्या गोळ्या कोठे पडल्या, नेम किती उंच धरावा लागला, जमिनीवर उडालेल्या धुळीवरून पुढचा नेम कसा सुधारला, हे किथ सांगतात. चमत्काराच्या कथेत असा तपशील नसतो. तो कारागिराच्या कथेत असतो. असे असले तरी अशा कथेचा वाचकावर होणारा परिणाम वेगळाच असतो, हेही मान्य केले पाहिजे. वाचकाच्या लक्षात धूळ राहत नाही, सहाशे हा आकडा राहतो.

किथ यांच्या निवडीमागे एक विशिष्ट भूगोल आहे, हे त्यांचे चाहते बहुधा विसरतात. डोंगराळ प्रदेशात घोड्यावर बसून दिवसभर काम करणाऱ्याला रायफल नेहमी हाताशी ठेवता येत नाही. कमरेला असते ते रिव्हॉल्व्हर. समोर येणारे जनावर मोठे असते. शेजारी वस्ती नसते, त्यामुळे लक्ष्य भेदून पलीकडे गेलेली गोळी डोंगरात विरते. या अटी पूर्ण होत असतील तर .४४ मॅग्नम ही समर्थनीय निवड आहे. आजही अलास्कासारख्या प्रदेशात अस्वलाच्या भीतीने असे रिव्हॉल्व्हर बाळगणारे लोक आहेत. या अटी काढून घेतल्या की निष्कर्ष तेवढा उरतो, आणि नेमका तोच पुढे शहरात आला.

हिसक्याचा हिशेब

किथ यांना अनुमानाचे वावडे असले तरी आपल्याला त्याची गरज आहे. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅमची. वेग सुमारे १४०० फूट, म्हणजे ४२७ मीटर प्रतिसेकंद. गोळीची गतिज ऊर्जा १४०० ज्यूलच्या आसपास येते, साध्या.३८ स्पेशलच्या पाचपट. साडेसहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे १.३५ किलो. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने, केवळ गोळीचा संवेग धरला तरी, रिव्हॉल्व्हर सुमारे ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते आणि हाताला १६ ज्यूलच्या आसपास ऊर्जा शोषावी लागते. दारूच्या वायूंचा वाटा धरला तर हा आकडा आणखी वाढतो. याच पद्धतीने .३५७ मॅग्नमचा हिशेब केला तर ८ ज्यूलच्या आत उत्तर येते, आणि .४४ च्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशलचे सौम्य काडतूस घातले तर सुमारे ५.

खांद्याला दस्ता टेकवून रायफल झाडताना हा धक्का धडाकडे जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी मनगटाच्या वर असल्याने शस्त्र मागे येता येता वर उसळते आणि त्याचा भार तळहात व मनगटावर पडतो. यापुढे जे घडते ते भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे. काही गोळ्यांनंतर हात आधीच घाबरतो, चाप दाबण्यापूर्वीच मनगट खाली झुकते आणि नेम चुकतो. शक्तिशाली शस्त्राचा मालक अशा रीतीने शक्तिहीन नेमबाज होऊ शकतो. .४४ मॅग्नम विकत घेऊन, थोड्या गोळ्या झाडून, उरलेल्या काडतुसांसह विकायला काढणारा ग्राहक हा या विषयावरील लेखनात वारंवार भेटणारा विनोदी पात्रविशेष आहे. तो विनोद मला फार काही सांगून जाणारा वाटतो.

पडद्यावरचे शस्त्र

डॉन सीगल यांचा 'डर्टी हॅरी' हा चित्रपट १९७१ साली प्रदर्शित झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस निरीक्षक हॅरी कॅलहन (क्लिंट ईस्टवूड) याच्या हाती .४४ मॅग्नम, म्हणजे कंपनीच्या १९५७ नंतरच्या क्रमांकानुसार मॉडेल २९ आहे. तोवर मंद गतीने विकले जाणारे हे शस्त्र चित्रपटानंतर मिळेनासे झाले आणि छापील किमतीहून अधिक दराने जाऊ लागले. समीक्षक पॉलिन केल यांनी १९७२ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये या चित्रपटाच्या नीतिदृष्टीवर फॅसिझमचा आरोप केला. त्या आरोपाची पुष्कळ चर्चा झालेली आहे. येथे माझे लक्ष शस्त्राकडे आहे.

बँकेवरील दरोड्यानंतरचा प्रसंग सर्वपरिचित आहे. जखमी दरोडेखोराच्या हातापासून काही अंतरावर बंदूक पडलेली आहे. हॅरी त्याच्यासमोर उभा राहून आपल्या रिव्हॉल्व्हरची महती सांगतो आणि आपण पाच गोळ्या झाडल्या की सहा, हा हिशेब त्याच्यावर सोपवतो. दरोडेखोर माघार घेतो. त्यानंतर त्याला राहवत नाही, तो विचारतो, आणि हॅरी चाप दाबतो. रिकामा आवाज येतो. हा तपशील मला कळीचा वाटतो. त्या क्षणी हॅरीच्या हातात शस्त्र नाही, केवळ शब्द आहेत. सर्वांत शक्तिशाली म्हणून ज्याचे वर्णन झाले ते रिव्हॉल्व्हर रिकामे असतानाच आपले काम पुरे करते. किथ यांचे प्रत्यक्ष प्रमाण येथे संपते आणि शब्दप्रमाण सुरू होते. प्रेक्षकाने चित्रपटगृहातून घरी नेले ते शब्दच, आणि त्या शब्दांना लागणारी वस्तू तो दुसऱ्या दिवशी दुकानात मागू लागला.

नागरी पोलिसासाठी ही निवड कशी होती? .४४ मॅग्नमची गोळी माणसाला भेदून पलीकडच्या पदपथावर जाऊ शकते, दुसरी गोळी झाडेपर्यंत हिसक्यामुळे वेळ जातो आणि सव्वा किलोहून अधिक वजन दिवसभर कोटाखाली बाळगावे लागते. किथ यांच्या तीनही अटी येथे अनुपस्थित आहेत. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, ६ एप्रिल १९७० रोजी, त्याच कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत हायवे पेट्रोलचे चार अधिकारी काही मिनिटांत मारले गेले. त्यानंतर जी चर्चा झाली तीत सराव .३८ स्पेशलने आणि कामगिरीवर मात्र काहींकडे .३५७ मॅग्नम, ही विसंगतीही पुढे आली. वास्तवातील पोलीस खाते प्रशिक्षणाविषयी प्रश्न विचारत असताना पडद्यावरील पोलीस बोअरविषयी भाषण करत होता.

न्याय करायचा तर या मालिकेतील दुसऱ्या चित्रपटाकडेही पाहिले पाहिजे. 'मॅग्नम फोर्स' (१९७३, दिग्दर्शक टेड पोस्ट) या चित्रपटाची श्रेयनामावली लाल पार्श्वभूमीवर धरलेल्या एका मॉडेल २९ वरून जाते. अखेरीस नळी प्रेक्षकाकडे वळते आणि गोळी सुटते. इतकी उघड शस्त्रपूजा क्वचितच पाहायला मिळेल. परंतु याच चित्रपटात नेमबाजीच्या मैदानावर तरुण पोलीस हॅरीला त्याच्या काडतुसांविषयी विचारतात, तेव्हा तो सांगतो की, आपण सौम्य स्पेशल काडतूस वापरतो. एवढ्या मोठ्या शस्त्रात ते.३५७ पेक्षा अधिक ताब्यात राहते. त्याच्या तुलनेतील तांत्रिक बारकाव्यांवर वाद घालता येईल, पण वर केलेला हिशेब मूलतः त्याच्या बाजूने आहे. येथे हात क्षणभर पडद्यावर परत येतो. पटकथा जॉन मिलियस व मायकेल चिमिनो यांची. मिलियस हे स्वतः शस्त्रांचे जाणकार असल्याने हे वाक्य आले असावे. आश्चर्य वाटते ते याचे, की पहिल्या चित्रपटातील भाषण अर्ध्या जगाला पाठ झाले आणि दुसऱ्यातील ही कबुली केवळ शस्त्रज्ञांच्या लक्षात राहिली.

निवडीचा प्रसंगच ज्यात चित्रित झाला आहे असा चित्रपट म्हणजे मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६, पटकथा पॉल श्रेडर). ट्रॅव्हिस बिकल हा टॅक्सीचालक एका हॉटेलच्या खोलीत चोरट्या विक्रेत्याकडून शस्त्रे घेतो. विक्रेता पेट्या उघडून पलंगावर माल मांडतो, सुरुवात.४४ मॅग्नमने होते, कारण ट्रॅव्हिसने तेच मागितले आहे. कॅमेरा नळीच्या लांबीवरून संथपणे सरकतो, दागिन्यावरून सरकावा तसा. विक्रेता आफ्रिकेतील हत्तींचा उल्लेख करतो. हत्तीच्या शिकारीला वापरल्या जाणाऱ्या रायफलींच्या तुलनेत .४४ मॅग्नमची ऊर्जा फारच तोकडी आहे. परंतु विक्रेत्याच्या तोंडी असत्य घालणे हीच येथे दिग्दर्शकाची सत्यनिष्ठा आहे. ट्रॅव्हिस खिडकीतून रस्त्यावर नेम धरतो. हे शस्त्र आपल्याला कशासाठी हवे, हे त्याने सांगितलेले नाही आणि विक्रेत्याने विचारलेले नाही. मॅग्नमच्या निवडीवरील साऱ्या वाङ्मयात इतकी निर्दय समीक्षा मला अन्यत्र आढळली नाही. सीगल यांचा चित्रपट जे विकतो, ते स्कॉर्सेसी विकले जात असताना दाखवतात.

आपल्याकडील रहस्यकथांचा सहज विचार मनात आला. त्यांत 'पिस्तूल' आणि 'रिव्हॉल्व्हर' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात, बोअरचा तर पत्ताच नसतो. याला आपण अज्ञान म्हणत आलो. परंतु वस्तूच्या मोहातून त्या लेखकांची सुटका झाली होती, असेही म्हणता येईल.

संग्राहकाची दृष्टी

१९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकन पोलिसांनी रिव्हॉल्व्हर टाकून स्वयंभरित पिस्तुले स्वीकारली. कामावरून निवृत्त झाल्यावर मोठ्या फ्रेमचे मॅग्नम 'अभिजात' ठरले. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा प्राचीनता, स्वतंत्र परंपरा अशा निकषांची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. रिव्हॉल्व्हरच्या संग्राहकांचे निकषही तितकेच काटेकोर आहेत. नळी पिनेने पक्की केलेली असावी, सिलिंडरच्या छिद्रांना काडतुसाची कड आत बसेल अशी खोबण असावी, निळसर झिलई खोल असावी. कंपनीने १९८२ साली पीन आणि खोबण दोन्ही बंद केल्या. खोबणीची गरज जुन्या, नाजूक बुडाच्या कवचांसाठी होती. नव्या कवचांना ती लागत नाही. तरीही तिच्या असण्यानसण्यावर किमतीत मोठा फरक पडतो.

आता खरा पेच पाहा. १९८० च्या दशकात धातूच्या प्रतिमांवर दूर अंतरावरून नेम धरण्याच्या स्पर्धांत मॉडेल २९ मधून जड गोळ्या मोठ्या संख्येने झाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा हिसक्याने सिलिंडरची पकड सुटून तो उलटा फिरण्याची तक्रार पुढे आली. कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस सिलिंडरच्या खाचा लांब करून व अन्य सुधारणा करून शस्त्र मजबूत केले. याचा अर्थ असा की, संग्राहक ज्या नगासाठी सर्वाधिक किंमत मोजतो तो नग जड काडतुसांसाठी तुलनेने दुबळा आहे आणि मजबूत नग त्याच्या मते अभिजात नाही. ज्याला केवळ बळकटी हवी त्याने रुगर कंपनीचे १९७९ सालचे रेडहॉक घ्यावे. ते दिसायला ओबडधोबड आहे आणि संग्राहकांच्या गद्यात त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा सौजन्य अधिक येते. कोल्टच्या पायथनचे स्थान याउलट. १९५५ सालचे हे .३५७ रिव्हॉल्व्हर त्याच्या झिलईमुळे आणि चापाच्या मऊपणामुळे गाजले. उत्पादन बंद पडून २०२० साली ते नव्या रूपात परत आले, तेव्हा जुन्यानव्याची तुलना एखाद्या पाठचिकित्सेइतक्या बारकाईने झाली.

संग्राहकांच्या या सौंदर्यदृष्टीत राजकारण नाही असे मात्र समजू नये. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसनने क्लिंटन सरकारशी सुरक्षाविषयक करार केला, तेव्हा शस्त्रप्रेमींनी कंपनीवर बहिष्कार टाकला. मे २००१ मध्ये ब्रिटिश मालकांनी ती सेफ-टी-हॅमर या कुलूप तयार करणाऱ्या कंपनीला अवघ्या दीड कोटी डॉलरना विकली. १९८७ साली त्यांनी तिच्यासाठी सव्वाअकरा कोटी डॉलर मोजले होते. त्यानंतर रिव्हॉल्व्हरच्या बाजूला किल्लीचे एक छोटे छिद्र दिसू लागले. या छिद्रामुळे फ्रेमची रेषा बिघडते, अशी तक्रार संग्राहक करतात. रेषा बिघडते हे खरेच आहे. पण 'कुलपापूर्वीचे' ही विशेषणवजा कालगणना वापरणारा माणूस केवळ रेषेविषयी बोलत नसतो.

निवड

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर प्रकरणात घरातील स्वसंरक्षणासाठी हातातील शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या निकालपत्रात नागरिक अशा शस्त्राची निवड का करतो याची कारणे आली आहेत. ते हाताशी ठेवणे सोपे असते, अंगात फार बळ नसलेल्यालाही ते पेलते, आणि एका हाताने ते रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना दूरध्वनी करता येतो. निकालाच्या घटनात्मक बाजूविषयी मत देण्याचा अधिकार माझा नाही. मात्र निवडीची ही कारणे मोठ्या फ्रेमच्या .४४ मॅग्नमला लावून पाहावीत. बळाची अट ते मोडते आणि एका हाताने ते पूर्ण दारूनिशी चालवणे म्हणजे दुसरी गोळी छताला अर्पण करणे होय. कायद्याने ज्या हाताची कल्पना केली तो हात आणि जाहिरातीने ज्या हाताची कल्पना केली तो हात एकच नव्हे.

मग निवड कोणती? समीक्षकाने मत न देता सुटका करून घेणे मला मान्य नाही. अस्वलांचा मुलुख नसेल तर १९३५ च्या कुळातील .३५७ हे मला अधिक विचारपूर्वक घडवलेले शस्त्र वाटते. त्यात फ्रेमचे आधिक्य हाताच्या कामी येते. .४४ घ्यायचेच असेल तर ते हॅरीच्या दुसऱ्या चित्रपटातील रीतीने, स्पेशल काडतुसांवर, निदान मनगट तयार होईपर्यंत. .३५७ च्या आरंभीच्या आवृत्तीविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मंदीच्या काळात साठ डॉलरना ती मागणीप्रमाणे तयार होई, नळीची लांबी साडेतीन इंचांपासून पाऊणेनऊ इंचांपर्यंत पाव पाव इंचाच्या फरकाने निवडता येई, प्रत्येक नगासोबत नोंदणीपत्र मिळे. पहिला नग एफ.बी.आय.चे संचालक जे. एडगर हूवर यांना गेला आणि जनरल पॅटन यांनी आपल्या नगाला हस्तिदंती मूठ बसवली. या नावांच्या झळाळीत १९५४ सालचे 'हायवे पेट्रोलमन', म्हणजे पुढचे मॉडेल २८, मागे पडले. फ्रेम तीच, यंत्रणा तीच, काडतूस तेच. फक्त वरच्या पट्टीवरील नक्षीकाम वगळलेले आणि झिलईऐवजी मंद काळपट पृष्ठ ठेवलेले, म्हणून स्वस्त. गस्तीच्या पोलिसांनी ते वर्षानुवर्षे कमरेला वागवले आणि १९८६ साली त्याचे उत्पादन थांबले. त्याच्यावर कोणी चित्रपट काढला नाही आणि निवडविषयक लेखांत त्याचा उल्लेख बहुधा शेवटच्या परिच्छेदात, 'पैसे कमी असतील तर' या शब्दांनी होतो.